डाकेचा घोडा आणि विजेची मोटार

विजेवर चालणाऱ्या मोटारींचा विषय निघाला की नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मंडळींत एक प्रश्न हटकून विचारला जातो. वार्षिक रजेत दिल्लीहून निघून स्वतःच्या गाडीने नागपूर वा नाशिक गाठावयाचे, तर वाटेत बॅटरी भरण्यासाठी पुनःपुन्हा खोळंबून राहावयाचे कशाला? रिकामी बॅटरी काढून द्यावी, भरलेली बसवून घ्यावी आणि पाच मिनिटांत मार्गस्थ व्हावे, हे अधिक शहाणपणाचे नव्हे काय? प्रश्न विचारणाराच्या मुद्रेवर बहुधा असा भाव असतो की, ही युक्ती आजवर कोणाला सुचलीच नाही. वस्तुतः ती सव्वाशे वर्षांपूर्वी सुचली, अमलात आली, मोडली, पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा मोडली. तिच्याविषयी मत बनविण्यापूर्वी हा इतिहास एकदा चाळून पाहावा, असे आम्हांस वाटते.

युक्तीचे मूळ तर विजेच्याही फार पूर्वीचे आहे. शेरशहाने (१५४०–४५) आपल्या हमरस्त्यांवर सराया बांधल्या, त्यांत सरकारी डाकेसाठी घोडे ठेवले. मोगलांच्या अमदानीत डाकचौक्यांची व्यवस्था चालू राहिली. थकलेल्या घोड्यावरून स्वाराने उतरावे, ताज्या घोड्यावर बसावे आणि क्षणाचाही विलंब न करता पुढे निघावे. कंपनी सरकारच्या काळात हीच सोय प्रवाशांनाही मिळू लागली. दूरच्या प्रवासास निघणारा साहेब काही दिवस अगोदर पोस्टमास्तरकडे अर्ज करी, अनामत भरी, आणि त्याच्या पालखीसाठी टप्प्याटप्प्यावर भोयांच्या ताज्या टोळ्या उभ्या राहत. यालाच ‘डाक बसविणे’ म्हणत. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी दौऱ्यावर असताना ज्या डाकबंगल्यांत रात्री काढल्या असतील, त्यांच्या नावात ती व्यवस्था अद्याप शिल्लक आहे.

केंद्र सरकारच्या कारकुनांना याहून जवळचे उदाहरण कालका–सिमला रस्त्याचे. १८६४ पासून हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी सिमल्यास जाऊ लागली, आणि साहेबांमागून दप्तरे व दप्तरांमागून कारकून त्या चढणीला लागले. १९०३ मध्ये रेल्वे सुरू होईपर्यंत तो प्रवास टांग्याने होई आणि टांग्याची तट्टे दर काही मैलांवर बदलीत. ज्याच्याजवळ स्वतःचा घोडा असे, त्याला मात्र मध्येच थांबून दाणावैरण करावी लागे, जनावराला विसावा द्यावा लागे आणि दिवसाची मजल त्या जनावराच्या दमावर ठरवावी लागे. दोघांत वेगवान प्रवास कोणाचा, हे सांगावयास नको. पण एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. डाकेने जाणाऱ्याचा घोडा त्याचा नसे. पुढच्या चौकीवर कसले जनावर मिळेल, हे त्याच्या हाती नसे. आणि डाकगाडीने प्रवास केलेल्यांच्या वर्णनांत, जागचे हलावयास नकार देणाऱ्या अडेल घोड्यांच्या तक्रारी ठायी ठायी आढळतात. स्वतःचा उमदा घोडा चौकीवर सोडून त्याच्या बदली कोणाचे तरी तट्टू घेऊन जाणारा स्वार आमच्या वाचनात आलेला नाही. विजेच्या मोटारीचा पुढचा सारा इतिहास आम्हांस याच गोष्टीभोवती फिरताना दिसतो.

१८९७ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर मॉरिस आणि सॅलम या दोघांनी विजेच्या भाड्याच्या बग्ग्या आणल्या. त्यांतील शिशाच्या बॅटरीचे वजन हजार पौंडांहून अधिक असे. ती भरेपर्यंत बग्गी उभी ठेवणे धंद्याला परवडणारे नव्हते. म्हणून ठाण्यावर यंत्राच्या साहाय्याने सबंध बॅटरी बाहेर ओढून काही मिनिटांत दुसरी आत सरकविण्याची सोय करण्यात आली. या व्यवसायातून उभी राहिलेली इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी पुढे भांडवलाच्या खेळात सापडली आणि १९०७ मध्ये बुडाली. तथापि बॅटरी बदलण्याची यंत्रणा तिच्या बुडण्यास कारण झाली, असे म्हणता येणार नाही. बग्ग्या कंपनीच्या, बॅटऱ्या कंपनीच्या, ठाणेही कंपनीचे. मग अडेल घोड्याची तक्रार कोणी कोणाकडे करावयाची?

अमेरिकेतीलच हार्टफर्ड या शहरातील प्रयोग याहून मोलाचा, आणि तो विस्मरणात गेला याचे आम्हांस वाईट वाटते. तेथील वीज कंपनीने १९१० मध्ये मालवाहू गाड्यांसाठी अशी योजना काढली की, गिऱ्हाइकाने गाडी बॅटरीवाचून विकत घ्यावी. बॅटरी वीज कंपनीची. गिऱ्हाइकाने दरमहा ठराविक आकार भरावा आणि शिवाय गाडी जितके मैल चालेल तितक्या मैलांचे पैसे द्यावेत. गाड्या आणि बॅटऱ्या दोन्ही मुद्दाम अशा घडविल्या होत्या की, अदलाबदल झटपट व्हावी. ही सेवा १९२४ पर्यंत चालली आणि त्या अवधीत तिच्यावरील गाड्यांनी साठ लाख मैलांहून अधिक मजल मारली. आज ज्याला नवा शोध म्हणून नावाजले जाते, त्या व्यवस्थेचे जवळजवळ प्रत्येक अंग, म्हणजे बॅटरीविना गाडी, मासिक वर्गणी, अंतरावर आकारणी आणि बॅटरीची मालकी व जोखीम दुसऱ्याकडे, हार्टफर्डच्या हिशेबवहीत शंभर वर्षांपूर्वीच नोंदलेले होते. पण या गाड्या शहरात माल पोहोचवीत आणि आपल्या ठाण्यावर परत येत. त्या प्रवासाला निघालेल्या नव्हत्या. दरम्यान पेट्रोलची मोटार स्वस्त झाली, १९१२ पासून तिला विजेचा स्टार्टर मिळून हाताने दांडा फिरविण्याचे संकट टळले, आणि पेट्रोलचे पंप गावोगाव झाले. बॅटरीचा प्रश्न सुटण्यापूर्वीच बॅटरीची गाडी मागे पडली.

त्यानंतरची कित्येक दशके आपण ओलांडून जाऊ. २००७ मध्ये शाय अगासी या इस्रायली उद्योजकाने ‘बेटर प्लेस’ नावाची कंपनी काढली. या वेळी प्रश्न थेट प्रवासाचा होता. साऱ्या देशभर बॅटरी बदलण्याची ठाणी उभारावयाची; मोटार धुण्याच्या जागेत शिरावी तशी गाडी आत शिरेल, खालून यंत्र येईल, बॅटरी काढील, दुसरी बसवील आणि चालकाला खाली उतरावेही लागणार नाही. इस्रायल लहान देश, शेजाऱ्यांच्या सीमा मोटारींना बहुतांशी बंद; म्हणजे जणू रस्त्यांचे बेटच. प्रयोगाला याहून सोयीची भूमी कोणती? सुमारे ८५ कोटी डॉलर भांडवल जमले आणि तीसहून अधिक ठाणी उभी राहिली. यंत्रे ठरल्याप्रमाणे चाललीही. आली नाहीत ती गिऱ्हाइके. इस्रायल आणि डेन्मार्क मिळून दीड हजार गाड्यासुद्धा रस्त्यावर आल्या नाहीत, आणि मे २०१३ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले.

या अपयशाचे खापर अनेकांनी चालकांच्या उधळेपणावर फोडले आहे, आणि ते सर्वस्वी खोटे नसेल. आमच्या मते खरी मेख दुसरीकडे होती. या ठाण्यांत बॅटरी बदलता येईल अशी विक्रीची मोटार एकच होती, रेनॉ कारखान्याची फ्लुअन्स. दुसऱ्या कोणत्याही कारखान्याने आपली गाडी त्या ठाण्यांजोगी घडविली नाही. आणि त्यांनी ती का घडवावी? विजेच्या मोटारीत सर्वांत महाग, सर्वांत जड आणि गाडीचा घाट ठरविणारी वस्तू बॅटरी हीच. तिचे आकारमान, तिला थंड ठेवण्याची रीत, तिचे जोड या सर्व गोष्टी प्रतिस्पर्ध्याशी समान करणे म्हणजे आपल्या कारखान्याचे वैशिष्ट्य आपल्या हाताने पुसणे. शेरशहाला ही अडचण नव्हती. प्रत्येक घोड्याच्या पाठीवर तेच खोगीर बसत असे.

त्याच वर्षी, जून २०१३ मध्ये, टेस्ला कंपनीने कॅलिफोर्नियात जाहीर प्रयोग करून दाखविला. एका पेट्रोलच्या गाडीची टाकी भरेपर्यंत तिने आपल्या दोन मोटारींच्या बॅटऱ्या पाठोपाठ बदलल्या. प्रत्येकीस सुमारे दीड मिनिट. टाळ्या पुष्कळ पडल्या. पुढे एक ठाणे उघडले, निवडक मालकांना बोलावणे गेले, आणि दोन वर्षांच्या आत कंपनीने ती कल्पना गुंडाळली, कारण फारसे कोणी फिरकले नाही. अर्धा तास थांबले की त्याच कंपनीच्या खांबावर त्या काळी फुकट वीज मिळत होती. बदलासाठी मात्र पैसे पडत.

आता चीनकडे वळू. तेथे निओ या कंपनीने २०१८ मध्ये पहिले बॅटरीबदल ठाणे उघडले आणि २०२३ अखेरपर्यंत त्यांची संख्या दोन हजारांवर नेली. अनेक ठाणी महामार्गांवर आहेत, म्हणजे हा खराखुरा प्रवासाचा उपयोग होय. २०२० पासून तेथे गाडी बॅटरीविना घेऊन बॅटरीचे मासिक भाडे भरता येते. हार्टफर्डच्या वहीचे पान पुन्हा उघडले म्हणावयाचे. सरकारनेही हातभार लावला. त्याच वर्षी तीन लाख युआनहून महाग मोटारींचे अनुदान बंद करताना बॅटरी बदलणाऱ्या गाड्यांना त्यातून सूट देण्यात आली.

पण येथेही थोडे गणित करून पाहावे. निओच्या दुसऱ्या पिढीच्या ठाण्यात १३ बॅटऱ्या असतात आणि दिवसाला जास्तीत जास्त ३१२ बदल होतात, असे कंपनी सांगते. ३१२ ला २४ ने भागले की १३ येतात. म्हणजे तासाला तेरा गाड्या, आणि प्रत्येक बॅटरी भरावयास अदमासे एक तास. रिकामी बॅटरी भरल्यावाचून सुटका कोणाचीच नाही. मोटारवाल्याऐवजी ती बॅटरी ठाण्याच्या कपाटात बसून राहते, इतकेच. नेहमीच्या दिवशी ही सोय उत्तम. पण सणाच्या सुटीत एकाच तासात वीस गाड्या आल्या, तर चौदाव्या गाडीपासून पुढच्यांचे पाच मिनिटांचे काम तासावर जाणार. त्या गर्दीपुरत्या जादा बॅटऱ्या ठेवाव्यात, तर उरलेले वर्षभर त्या महागड्या वस्तू नुसत्या पडून राहणार. रांगेतला खोळंबा की पडून राहिलेले भांडवल, यांपैकी एक पत्करावेच लागते.

शिवाय भरण्याचा वेळही स्थिर राहिलेला नाही. मार्च २०२५ मध्ये बीवायडी या चिनी कारखान्याने पाच मिनिटांत चारशे किलोमीटरची वीज भरणारी यंत्रणा जाहीर केली. आणि गंमत अशी की, त्याच महिन्यात निओ व सीएटीएल ही बॅटऱ्यांची बलाढ्य कंपनी यांनी बॅटरीबदलाचे जाळे वाढविण्यासाठी हातमिळवणी केली. पैज अजून लागलेलीच आहे.

आपल्याकडे अदलाबदलीची सवय नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. रिकामा सिलिंडर देऊन भरलेला घेणे घरोघर चालते, आणि बदली झालेला सरकारी नोकर गॅसचा सिलिंडर परत करून, अनामत उचलून, नव्या गावी तसाच दुसरा घेतो. कंपनी कोणतीही असो, घरगुती सिलिंडरमधील गॅस १४.२ किलो. सिलिंडर आपला नसतो, म्हणून त्यावरील गंजाचे आपणांस दुःख होत नाही. पण सिलिंडर जुना झाला तरी त्यात गॅस तेवढाच मावतो. जुन्या बॅटरीत वीज तेवढी मावत नाही. नवी कोरी बॅटरी देऊन चार वर्षे झिजलेली पदरात घेण्यास तिचा मालक राजी होणार नाही. मग बॅटरीची मालकी ठाणेवाल्याकडे असणे क्रमप्राप्त होते. त्यावाचून ही व्यवस्था कोठेही चाललेली आम्हांस दिसत नाही.

म्हणून खासगी मोटारीच्या लांबच्या प्रवासात बॅटरीबदल हा भरण्याची जागा घेईल, असे आम्हांस वाटत नाही. एकाच कंपनीच्या गाड्यांना तो शेजारी उभा राहील. सर्वांना मिळून नव्हे. परंतु जेथे गाड्या एकसारख्या आणि रोजचा मार्ग ठरलेला, तेथे त्याचे स्थान पक्के दिसते. दिल्लीतील ई-रिक्षावाल्याला बॅटरी विकत घेण्यास लागणारे भांडवल ही मोठी धोंड आहे आणि ती भरण्यात जाणारे तास ही बुडालेली मजुरी आहे. बॅटरी भाड्याची असेल आणि दोन मिनिटांत बदलून मिळेल, तर त्याच्या दृष्टीने तो संसाराचा प्रश्न सुटतो. रजेवर निघालेल्या आम्हां मंडळींचा तासभर वाचविण्यापेक्षा सरकारी पैसा या कामी लागणे न्याय्य होईल.

सरकारला हे कळले नाही, असे नाही. ऑगस्ट २०२० मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने बॅटरीविना विजेच्या गाड्यांची विक्री व नोंदणी करण्यास मुभा दिली. फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात बॅटरीबदलाच्या धोरणाची घोषणा झाली आणि एप्रिलमध्ये नीती आयोगाने त्याचा मसुदा काढला. त्याचा रोख मुख्यतः दुचाकी व तीनचाकी गाड्यांवर होता, आणि आमच्या मते तो योग्यच होता. पण कर आकारणीच्या तक्त्यात बॅटरी अजून सवतच आहे. गाडीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के, मग तिच्यात बॅटरी असो वा नसो. सुटी लिथियम बॅटरी घेतली की १८ टक्के. सप्टेंबर २०२५ च्या मोठ्या फेरबदलातही हे दोन आकडे जागचे हलले नाहीत.