ठिबकणारी झडप

गेल्या हिवाळ्यात नगरच्या आमच्या घरातील गिझरची झडप बदलावी लागली. तिच्या बारीक तोंडातून पाणी ठिबकते, म्हणून काही महिन्यांपूर्वी एका कारागिराने त्यात लाकडी खुंटी ठोकली होती. ठिबकणे थांबले आणि आम्हीही निश्चिंत झालो. विज्ञान हाच व्यवसाय असलेल्यांच्या घरी असे घडावे, याची लाज वाटते. पण ही चूक नवी नाही. तिला दोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे.

आधी आपला तांब्याचा बंब आठवू या. मधल्या नळीत गोवऱ्या आणि लाकडे, भोवती पाणी. नरसाळ्यातून एक बादली गार पाणी ओतावे, तोटीतून एक बादली गरम घ्यावे. या बंबाला झडप नव्हती, कारण तो कधी बंदच नसे. पाणी फुगले तर नरसाळ्यात चढे, उकळले तर वाफ बाहेर पडे.

गिझरचे तसे नाही. तापलेले पाणी उलट फिरू नये म्हणून गार पाण्याच्या वाटेवर एकाच दिशेने उघडणारी झडप असते. गरम पाण्याचा नळ आपण बंद ठेवतो. आता 20 अंश सेल्सियसचे पाणी 60 अंशांपर्यंत तापवले, तर त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते. 25 लिटरच्या टाकीत हे जादा पाणी जवळजवळ 380 मिलिलिटर, म्हणजे दोन पेले भरते. त्याला जागा नसल्याने दाब वाढतो. दाबझडप ते थेंब थेंब बाहेर सोडते. म्हणून पाणी तापताना थोडे ठिबकणे हा बिघाड नव्हे. झडप कामावर असल्याची ती खूण आहे. गिझर बंद असतानाही गळत राहिले, तर मात्र झडप तपासावी.

तापमान-नियंत्रक बिघडला आणि झडपही बंद असली, तर पाणी 100 अंशांच्या पुढे तापत जाते. दाबाखाली असल्याने ते उकळत नाही. टाकी फाटली की दाब एकदम उतरतो, काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि स्फोट होतो.

हा धोका डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने ओळखला होता. 1679 मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला हाडे मऊ शिजवणारे एक बंद भांडे दाखवले. त्याच्या झडपेवर तरफ होती आणि तरफेला वजन. वाफेचा जोर वाढला की वजन उचलले जाई. आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी याच कुळातली.

1803 मध्ये लंडनजवळ ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेविथिकच्या वाफेच्या इंजिनाचा बाष्पक फुटून कामगार मृत्युमुखी पडले. सुरक्षा झडप दाबून ठेवलेली होती. इंजिन थांबवताना ती मोकळी केली गेली नाही. यानंतर ट्रेविथिकने दोन झडपा बसवल्या. त्यांतली एक चालकाच्या हाताबाहेर ठेवली. शिवाय पाणी आटल्यास वितळून वाफेला वाट देणारे शिशाचे बूचही बसवले. यंत्राइतकाच माणसाच्या सवयींचा विचार त्याला करावा लागला.

आमच्या झडपेत आणखी एक शत्रू सापडला. आमच्याकडे बोअरचे पाणी येते. काळ्या खडकातून आलेले हे पाणी जड असते. ते तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे न विरघळणारे कार्बोनेट बनते. त्या पांढऱ्या थराने स्प्रिंग पार जखडली होती. खुंटी काढूनही ती झडप उघडली नसती.

झडप बदलताना वीज मुख्य बटणावर बंद करावी, पाणी निवू द्यावे, गार पाण्याचा कॉक बंद करून गरम नळ उघडावा आणि मगच जुनी झडप सोडवावी. नव्या झडपेवरचा दाबाचा आकडा गिझरला जुळणारा हवा आणि बाण पाण्याच्या दिशेने हवा. तिचे ठिबकते तोंड कधीही बुजवू नये.

वर्गात चंचुपात्र न घेता काचेचा चंबू घ्यावा. तो रंगीत पाण्याने काठोकाठ भरून एका छिद्राचे बूच आणि उघडी काचनळी बसवावी. चंबू हळूहळू तापवून नळीतले पाणी किती चढते ते मुलांना मोजू द्यावे. मग विचारावे, "नळीचे तोंड बंद केले तर काय होईल?" हा प्रश्न फक्त विचारायचा आहे, करून पाहायचा नाही.