इरले, घोंगडी आणि महागडे जाकीट

श्रोतेहो, पावसात अंगावर काय घ्यावे, हा प्रश्न आपल्या कोकणपट्टीत भातशेतीइतकाच जुना आहे. अलीकडे त्याला किमतीची एक नवी शेपटी फुटली आहे. बाजारात परदेशी नावाचे पावसाळी जाकीट वीस-तीस हजार रुपयांना मिळते, आणि साधा रेनकोट काही शेकड्यांत मिळतो. पाऊस दोघांवर सारखाच पडतो. मग इतक्या जादा पैशांत माणसाला जादा मिळते तरी काय? याचा उलगडा नुसत्या भावाकडे पाहून होत नाही. त्यासाठी या वस्त्रांचा इतिहासच थोडा उलगडून पाहावा लागतो.

आपण वांगणीचेच उदाहरण घेऊ. मध्य रेल्वेवर बदलापूर सोडले की वांगणी येते, पुढे शेलू आणि नेरळ. शेजारून उल्हास नदी वाहते, आणि पश्चिमेला डोंगराची रांग उभी आहे. चंदेरी किल्ल्याकडे जाणारी मंडळी याच स्टेशनावर उतरतात. पावसाळ्यात अंगावर रंगीत जाकिटे चढवून ती डोंगराची वाट धरतात, तेव्हा आसपासच्या खाचरांत भातलावणी चाललेली असते. लावणी करणाऱ्याला दिवसभर पावसात राहायचे असते, आणि हौशी गिर्यारोहकाला चार-सहा तास. दोघांची गरज एक नव्हे, हे पहिल्यांदा ध्यानात ठेवा.

लावणी करणाऱ्याचे जुने साधन म्हणजे इरले. बांबूच्या कांबट्यांची दुहेरी विणलेली जाळी, तिच्यामध्ये पळसाची किंवा सागाची रुंद पाने दाबून बसवलेली. आकार पालथ्या होडीसारखा. डोक्यावर घेतले की पाठ कंबरेखालपर्यंत झाकते. वाकून काम करणाऱ्यासाठी याहून सोयीचे काही सुचवणे कठीण आहे. दोन्ही हात मोकळे राहतात, पाठीवर पाणी ठरत नाही, आणि मुख्य म्हणजे खालून व बाजूंनी वारा खेळता राहतो. घामाची वाफ कोंडत नाही. इरल्याचे दोषही आहेत बरे का! सोसाट्याचा वारा आला की ते आवरत नाही, झाडीतल्या अरुंद वाटेवर अडकते, आणि पाने वर्षा-दोन वर्षांत बदलावी लागतात. म्हणूनच पुढे पानांच्या जागी प्लास्टिकचा कागद आला.

घाटावरून आलेले दुसरे साधन म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीची राठ लोकर धनगरांनी कातरायची, घरच्या बायकांनी ती पिंजून सूत काढायचे, सणगरांनी खड्डामागावर विणायचे, आणि चिंचोक्याची खळ देऊन पट्टी कडक करायची, असे हे अनेक हातांचे काम. पावसात निघताना घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली की झाले. पाण्याचा मोठा भाग तिच्यावरून ओघळून जातो. लोकरीचा गुण असा, की स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल शोषूनही ती अंगाला थंडगार लागत नाही. सुती कापडाचे तसे नसते. ते भिजले की अंगातली ऊब ओढून घेते. मात्र एकदा पुरती भिजलेली घोंगडी वाळता वाळत नाही. रेंगाळलेल्या कामाला आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो ते उगीच नव्हे.

आता जरा समुद्रापलीकडे जाऊ. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली एक पेटंट घेतले. डांबरापासून निघणाऱ्या नाफ्त्यात रबर विरघळवायचे आणि दोन कापडांच्या मध्ये त्याचा थर द्यायचा, अशी ती युक्ती. पाणी अडले खरे, पण हे कोट उन्हाळ्यात चिकट होत आणि थंडीत लाकडासारखे ताठ. हा दोष अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांनी घालवला. रबर गंधकाबरोबर तापवले की ते टिकाऊ होते, हे त्यांना १८३९ साली गवसले आणि १८४४ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. तरीही एक गोष्ट सुटली नाही. रबरातून पाणी आत येत नाही, तशी घामाची वाफही बाहेर जात नाही. बाहेरचा पाऊस अडला, पण कोटाच्या आत दुसरा पाऊस सुरू झाला!

आपल्या देशात या धंद्याला स्वदेशीचा रंग चढला. सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली कलकत्त्यात बंगाल वॉटरप्रूफ ही संस्था काढली. तिचे ‘डकबॅक’ हे नाव पुढे घरोघरी पोचले. बदकाच्या पाठीवर पाणी ठरत नाही, म्हणून हे नाव. परदेशी रेनकोटाला देशी पर्याय मिळाला, आणि नावामागे मालही होता, म्हणून ते नाव टिकले.

विलायतेत दुसरी वाटही शोधली जात होती. टॉमस बर्बेरी यांनी १८७९ साली गॅबर्डिन नावाचे कापड काढले. रबराचा थर न देता सूतच पाणी न धरणारे करून घ्यायचे आणि वीण घट्ट ठेवायची, ही त्यामागची कल्पना. १९२४ साली एव्हरेस्टवर हरवलेले जॉर्ज मॅलरी याच कापडाचे जाकीट घालून चढले होते. त्यांचा देह १९९९ साली सापडला. अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे थरावर थर होते. २००६ साली तशाच कपड्यांची नक्कल शिवून एव्हरेस्टच्या परिसरात घालून पाहिली गेली, तेव्हा ते कपडे हलके आणि हालचालीला सोयीचे ठरले. मात्र उघड्यावर रात्र काढण्याइतकी ऊब त्यांत नव्हती. म्हणजे जुने ते सारे टाकाऊ नव्हे, आणि जुने ते सारे सोनेही नव्हे.

आजच्या महागड्या जाकिटाचा जन्म १९६९ सालचा. अमेरिकेत बॉब गोर हे एका खास प्लास्टिकची कांडी तापवून ताणून पाहत होते. हळूहळू ताणली की ती तुटे. एकदा त्यांनी तिला जोराचा हिसका दिला, तर ती न तुटता कितीतरी पट लांबली आणि आतून सच्छिद्र झाली. तिचा पातळ पापुद्रा केला, तर त्यातली छिद्रे पाण्याच्या थेंबाला फार लहान आणि वाफेला पुरेशी मोठी पडली. थेंब आत येत नाही, वाफ बाहेर जाते. १९७६ पासून हे कापड ‘गोर-टेक्स’ या नावाने बाजारात आले. मॅकिंटॉशच्या काळापासूनचे कोडे, निदान कागदावर, सुटले.

‘कागदावर’ असे म्हणण्याचे कारण ऐका. वाफ आपणहून बाहेर पळत नाही. आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ती बाहेर ओढली जाते. अंगालगतची हवा ३५ अंशांची आणि पूर्ण दमट धरू. बाहेर ५ अंशांची थंडी आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर ही ओढ चांगली असते. पण वांगणीला जुलैमध्ये हवा २७ अंशांची आणि आर्द्रता ९५ टक्के असली, तर हिशेबाने ही ओढ निम्म्याहूनही कमी भरते. त्यात डोंगर चढताना घामाच्या धारा लागलेल्या! म्हणून थंड मुलखासाठी घडवलेले हे जाकीट आपल्याकडे तितके गुणकारी ठरत नाही. हिमालयात, लेह-लडाखात किंवा युरोपात जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे भिजणे म्हणजे जिवावरचा प्रसंग. अशा ठिकाणी चांगल्या जाकिटाचे पैसे फिटतात.

आणखी एक गोष्ट. जाकिटाच्या बाहेरच्या कापडावर पाणी न ठरू देणारा एक लेप असतो. वापराने आणि मळाने तो झिजतो, मग कापड ओथंबते आणि आतली वाफ अडते. लेप पुन्हा द्यावा लागतो. या लेपांत पुष्कळदा अशी रसायने वापरली गेली, की जी निसर्गात विरता विरत नाहीत. म्हणून कॅलिफोर्नियासारख्या राज्याने २०२५ पासून कपड्यांत त्यांना मनाई केली. किमतीच्या चिठ्ठीवर न लिहिलेली हीदेखील एक किंमतच आहे.

आता नावाची किंमत. त्यासाठी वांगणीहून दूर जायला नको. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसाहत झाली, आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार गमावून आलेल्या लोकांनी तिथे शून्यातून धंदे उभे केले. पुढे जीन्सच्या पँटी शिवण्याबद्दल या गावाचे नाव झाले. इथल्या मालावर ‘यूएसए’ असा शिक्का असे, आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद मुंबईत कितीतरी वर्षे सांगितला जातो. विनोद सोडून द्या, त्यातला धडा घ्या. खोट्या शिक्क्याखाली हलका माल विकला गेला, तर ती ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ अशी गत. पण याची दुसरी बाजूही आहे. उत्तम शिवण करणाऱ्या कारागिराला स्वतःच्या नावाने भाव मिळत नाही, म्हणून त्याला दुसऱ्याच्या नावाचा आधार घ्यावासा वाटतो. गिऱ्हाईक शिवणीकडे न पाहता शिक्क्याकडे पाहते, ही त्यातली खरी खोच.

पटाईत कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. अमेरिकेच्या पॅटागोनिया कंपनीने २०११ साली वर्तमानपत्रात आपल्याच जाकिटाचे चित्र छापून ते विकत घेऊ नका, असे लोकांना सांगितले. गरज नसताना घेऊ नका, असलेले दुरुस्त करून वापरा, हा त्याचा मथितार्थ. यात जाहिरातीची हुशारी आहेच. तरी सल्ला खरा आहे.

तेव्हा हिशेब असा मांडावा. जाकिटाचे सांधे आतून पट्टी लावून बंद केले आहेत का, ते पाहा. सुईच्या भोकांतून पाणी शिरते. चेन आणि टोपी नीट आहे का, फाटले तर दुरुस्ती मिळेल का, हे विचारा. चिठ्ठीवर १०,००० मिलिमीटर असा आकडा असेल, तर दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब ते कापड सोसते, असा त्याचा अर्थ. एवढ्यासाठी काही जास्त पैसे देणे रास्त आहे. त्यापुढचे पैसे बव्हंशी दुकानाच्या भाड्याला, जाहिरातीला आणि नावाला जातात. सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्याला मध्यम किमतीचा, बगलेत हवा खेळेल असा रेनकोट आणि आत चटकन वाळणारा सदरा पुरतो.

शिक्षकबंधूभगिनींनो, वर्गात एक प्रयोग करून पाहा. गरम पाण्याचे तीन पेले घ्या. एकावर प्लास्टिक, दुसऱ्यावर सुती कापड, तिसऱ्यावर घोंगडीचा तुकडा बांधा. वर थंड ताटल्या धरा. कोणत्या ताटलीवर वाफ जमते आणि कोणत्या पेल्यात ती झाकणाखालीच अडते, हे मुले स्वतः पाहतील. मग प्रत्येक कापडावर चमचाभर पाणी ओतायला सांगा. कोणत्याही शिक्क्यापेक्षा ही परीक्षा मोठी.

आणि एवढे जरूर सांगा, की इरल्याची किंवा घोंगडीची लाज वाटायचे कारण नाही. दुसरीकडे हातमागाची खरी घोंगडी आज काही हजारांत गेली, तर ती महाग म्हणून नाके मुरडू नका. परदेशी जाकिटाच्या किमतीत नावाचा वाटा मोठा असतो. घोंगडीच्या किमतीत मेंढपाळाचा, कातणारीचा आणि विणकराचा वाटा असतो, आणि तो त्यांच्या घरी पोचला नाही, तर हे माग पुढच्या पिढीला बघायला मिळणार नाहीत.