बसमार्गिकेत मोटारसायकल

बसमार्गिकेत मोटारसायकल : शहरातील रस्त्याचा जो पट्टा बससाठी राखून ठेवलेला असतो, त्यातून मोटारसायकल, स्कूटर व मोपेड यांना जाऊ देण्याची व्यवस्था. ही मुभा सर्वत्र सारखी नाही. देशाचा कायदा, रस्ता कोणाच्या ताब्यात आहे आणि फलकावर काय लिहिले वा चितारले आहे, यांवर ती ठरते. म्हणून या विषयात संज्ञांना मोठे महत्त्व आहे.

संज्ञा : ‘बसमार्गिका’ आणि ‘केवळ बससाठी मार्गिका’ या दोन संज्ञा एकच नव्हेत. न्यूझीलंडमध्ये साध्या बसमार्गिकेतून सायकल, मोपेड व मोटारसायकल जाऊ शकतात. फलकावर मनाई असली तरच त्यांना अटकाव होतो. ‘केवळ बस’ असे लिहिलेल्या मार्गिकेत मात्र बसखेरीज इतरांना प्रवेश नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यातही हाच भेद आहे. तेथे ‘टी-२’ व ‘टी-३’ या मार्गिका अनुक्रमे किमान दोन व तीन जण बसलेल्या वाहनांसाठी असतात. मोटारसायकलस्वाराला मात्र त्यांतून एकट्यानेही जाता येते.

बसमार्गिकेचे दिशेनुसार दोन प्रकार होतात. शेजारच्या वाहतुकीच्याच दिशेने जाणारी ती अनुप्रवाही आणि उलट दिशेने जाणारी ती प्रतिप्रवाही. ब्रिटिश वाहतूक-नियोजनात मोपेडपासून मोटारसायकलपर्यंतच्या वाहनांसाठी ‘यांत्रिक दुचाकी’ या अर्थाची एकत्रित संज्ञा वापरतात. सायकल तीत येत नाही. बसमार्गिकेच्या नियमांत ‘एकल मोटारसायकल’ असा उल्लेख आढळतो. तिचा अर्थ साइडकार नसलेली मोटारसायकल. स्वार एकटा असावा, असा त्याचा अर्थ नव्हे.

ब्रिटनमधील वाटचाल : लंडनमधील पहिली बसमार्गिका १९६८ मध्ये व्हॉक्सहॉल पुलावर सुरू झाली. मोटारसायकलींना मुभा देण्यात ब्रिस्टल शहराने पुढाकार घेतला. सरकारी मार्गदर्शनाचा कल पूर्वी या मुभेच्या विरुद्ध होता. २००७ मध्ये ब्रिटनच्या परिवहन खात्याने स्वतंत्र सल्लापत्रक काढले आणि प्रत्येक ठिकाणची परिस्थिती पाहून निर्णय घेण्याचे स्थानिक प्राधिकरणांवर सोपवले.

लंडनमध्ये जानेवारी २००९ पासून प्रमुख ‘लाल मार्गां’वर अठरा महिन्यांचा प्रयोग झाला. हे मार्ग शहराच्या परिवहन संस्थेच्या थेट ताब्यात असून कडेच्या लाल रेषांवरून ओळखले जातात. पहिल्या टप्प्यात दुचाकीस्वारांच्या वेगाचा प्रश्न पुढे आला. २०१० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात पोलिसांच्या कारवाईवर व जनजागृतीवर भर देण्यात आला. २३ जानेवारी २०१२ पासून बहुतेक लाल मार्गांवरील अनुप्रवाही बसमार्गिकांत ही मुभा कायम झाली. इतर रस्ते तेथील स्थानिक परिषदांच्या ताब्यात असल्याने लंडनमधल्या एकाच प्रवासात नियम बदलू शकतो. निळ्या फलकावर मोटारसायकलचे चिन्ह असेल, तरच मार्गिकेच्या लागू वेळेत तिला प्रवेश असतो.

गुणदोष : थांबलेल्या मोटारींच्या रांगांमधून वाट काढणे दुचाकीस्वाराला धोक्याचे असते. बसमार्गिकेत त्याला मोकळी जागा मिळते आणि वेळ वाचतो. दुचाकी थोडी जागा व्यापते, त्यामुळे तिची संख्या मर्यादित असेल तर बसला फारशी अडचण होत नाही. दुसऱ्या बाजूला, डावीकडे वळणारी मोटार अनेकदा बसमार्गिका ओलांडूनच वळते आणि मागून वेगाने येणारी दुचाकी चालकाच्या नजरेतून सुटते. थांबलेल्या मोटारींमधून रस्ता ओलांडणारा पादचारी बसचा अंदाज घेतो. दुचाकी त्याला उशिरा दिसते. मार्गिका अरुंद असेल तर सायकलस्वाराला पुरेसे अंतर ठेवून ओलांडता येत नाही. मार्गिकेची रुंदी, वळणांची संख्या व वेगावरील नियंत्रण या तीन बाबी म्हणूनच निर्णायक ठरतात.

महाराष्ट्रातील संदर्भ : पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर जलद बस वाहतूक, म्हणजे बीआरटी, सुरू झाली. बीआरटीची मार्गिका रस्त्याच्या मध्यभागी व कठड्यांनी बंदिस्त असते. प्रवाशांना थांब्यावर पोहोचण्यासाठी रस्ता ओलांडावा लागतो आणि उभ्या बसला वळसा घालायला सहसा जागा नसते. लंडनमधील मार्गिका रस्त्याच्या कडेला आणि बहुधा केवळ रंगाने आखलेली असते; तिच्यासाठी केलेला नियम येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. बीआरटीत शिरणाऱ्या दुचाकींसाठी मराठी वृत्तपत्रे ‘घुसखोरी’ हा शब्द वापरतात. तो योग्यच आहे. मुभा नियमाने दिलेली, फलकावर दाखवलेली आणि पादचाऱ्यांना व बसचालकांना ठाऊक असलेली असते. घुसखोरीत यातले काहीच नसते आणि तिचा पहिला फटका थांब्याकडे निघालेल्या प्रवाशाला बसतो.