ऑफ-रोड मोटारसायकलिंग: प्रशिक्षकाकडून गिरवायचे पहिले धडे

डांबरी रस्ता सोडून माती, चिखल, खडी, वाळू, ओढे आणि चढउतार यांवरून मोटारसायकल चालवण्याच्या प्रकाराला ऑफ-रोड मोटारसायकलिंग म्हणतात. ब्रिटनमध्ये याची परंपरा जुनी आहे. सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे १९२४ साली झालेली ‘स्क्रॅम्बल’ शर्यत ही आजच्या मोटोक्रॉसची सुरुवात मानली जाते. वेल्ससह देशाच्या अनेक भागांत नवशिक्यांसाठी प्रशिक्षणशाळा आहेत आणि बहुतेक ठिकाणी वाहन व संरक्षक पोशाख भाड्याने मिळतो. महाविद्यालयीन वयापासून दुचाकी चालवत आलेली मराठी मंडळी येथे आत्मविश्वासाने येतात; परंतु वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेल्या रस्त्यावरच्या सवयीच त्यांना आधी सोडाव्या लागतात.

पडलेली गाडी उचलणे

पहिला धडा बहुधा गाडी थांबलेली असतानाच सुरू होतो. ऑफ-रोडवर पडणे गृहीतच धरलेले असते. गाडी आडवी झाल्यास प्रथम इंजिन बंद करावे. ती उजव्या अंगावर पडली असेल, तर डावीकडचे साइड स्टँड आधीच बाहेर काढावे आणि गिअर टाकलेला असू द्यावा. मग सीटकडे पाठ करून खाली बसावे, एका हाताने जमिनीकडचे हँडल व दुसऱ्या हाताने सीटखालचा भक्कम भाग धरावा आणि लहान पावले मागे टाकत पायांच्या बळावर उठावे. कंबर वाकवून उचलू पाहणारा दिवसाच्या सुरुवातीलाच पाठ दुखावून बसतो.

उभे राहणे आणि नजर

खडबडीत जमिनीवर स्वार फुटरेस्टवर उभा राहतो. उभे राहिल्यावर गुडघे व घोटे धक्के शोषून घेतात. खाली गाडी डुलत राहिली तरी शरीर स्थिर राहते. गुडघे किंचित वाकलेले, कोपरे बाहेर आणि पकड सैल असावी. हँडल आवळून धरणाऱ्याचे दंड व मनगटे थोड्याच वेळात भरून येतात आणि मग ब्रेक व क्लचवरचा ताबा सुटतो. नजर पुढच्या चाकावर न ठेवता दूर ठेवावी. चाकोरीतून जाताना हा नियम विशेष जाणवतो: कडेकडे पाहणारा कडेलाच आदळतो, तर चाकोरीच्या शेवटाकडे पाहणारा सरळ बाहेर पडतो.

वळण आणि ब्रेक

डांबरी रस्त्यावर स्वार गाडीबरोबर झुकतो. मातीवर संथ वळण घेताना मात्र गाडी आत झुकवून शरीर सरळ ठेवावे लागते आणि भार बाहेरच्या फुटरेस्टवर द्यावा लागतो. वेग हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकने आवरला जातो. पुढचा ब्रेक निषिद्ध नाही. गाडी थांबवण्याचे मुख्य काम तोच करतो. मात्र तो एका बोटाने वा दोन बोटांनी, हळूहळू दाब वाढवत वापरावा. झटक्यात दाबल्यास सुट्या मातीवर पुढचे चाक अडकते आणि सावरायला वेळ मिळत नाही. सुट्या खडीवर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते. म्हणून अनेक साहसी मोटारसायकलींमध्ये मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय असते.

चढ, उतार आणि माघार

चढावर वेग पायथ्याशीच घ्यावा, अंग पुढे झुकवावे आणि थ्रॉटल एकसारखा ठेवावा. उतारावर पहिला गिअर ठेवून अंग मागे न्यावे व इंजिनलाच वेग रोखू द्यावा. क्लच पूर्ण दाबल्यास हा रोध नाहीसा होतो. खरी परीक्षा अर्ध्या चढावर इंजिन बंद पडते तेव्हा असते. नवशिका घाबरून क्लच दाबतो व पुढचा ब्रेक धरतो. चढावर भार मागच्या चाकावर गेलेला असल्याने पुढचे चाक घसरते आणि गाडी मागे येऊ लागते. गिअर तसाच ठेवून क्लच सोडला, तर बंद पडलेले इंजिनच मागचे चाक अडवून धरते. मग गाडी चढाच्या बाजूला किंचित कलती ठेवून सावकाश वळवता येते. ही माघार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली लहान चढावर अनेकदा घोटून घ्यावी. अपघाताच्या क्षणी विचाराला वेळ नसतो. शरीराला जे माहीत असते तेच घडते. स्वतःचे ताठलेले खांदे किंवा खाली वळलेली नजर स्वाराला दिसत नाही. ती दाखवून देणे हेच प्रशिक्षकाचे मोठे काम होय.

वाहन व पोशाख

शिकण्यासाठी हलके वाहन निवडावे. एंड्युरो गाडी साधारण १०० ते १२० किलोंची असते, तर मोठ्या साहसी मोटारसायकली २०० किलोंच्या पुढे जातात. शिरस्त्राण व गॉगल यांबरोबरच घोट्याच्या वरपर्यंत येणारे कडक बूट, गुडघ्यांचे व कोपरांचे कवच आणि पाठीचे संरक्षण अत्यावश्यक आहे. पोटरी गाडीखाली अडकण्याचा धोका असल्याने बुटांवर काटकसर करू नये.

कायदा आणि विमा

जनतेला खुल्या नसलेल्या खासगी जमिनीवर शिकण्यासाठी कायद्याने परवाना लागत नाही. तरीही काही शाळा तो मागतात. सार्वजनिक मार्गांवर मात्र नोंदणी, विमा, परवाना आणि लागू असल्यास एमओटी हवेच. इंग्लंड व वेल्समध्ये २००६ च्या कायद्याने अनेक जुन्या वाटांवरील मोटारवाहनांचा हक्क संपुष्टात आला. पायवाट, घोडवाट व ‘रिस्ट्रिक्टेड बायवे’ यांवर मोटारसायकल नेणे गुन्हा आहे; सर्व वाहनांना खुले असलेले ‘बायवे’ नकाशावर पाहून आणि तात्पुरती बंदी नाही याची खात्री करूनच जावे. भारतीय परवाना येथे वास्तव्य सुरू झाल्यापासून १२ महिनेच चालतो आणि तो ब्रिटिश परवान्यात बदलून मिळत नाही. अनेक वैयक्तिक विमा योजनांत मोटारक्रीडा वगळलेल्या असतात. दुखापतीमुळे कामावर खाडा झाल्यास भरपाई मिळेल का, हे आधीच तपासावे.

पुढे सुटीत लडाख किंवा स्पितीची सफर मनात असणाऱ्यांनी हे धडे आधी गिरवून घ्यावेत. तेथील ओढ्यात उतरण्यापूर्वी चालत जाऊन खोली पाहण्याची सवय आणि इंजिनात पाणी शिरल्यास स्टार्टर न दाबण्याचा संयम येथेच, मदत हाकेच्या अंतरावर असताना, शिकून घेता येतो.