रणांत पडलेल्यांचीं नांवें आणि आमचे रस्ते

श्रीरामपूरला जावयाचें म्हणून दौंड-मनमाड मार्गावरील गाडींत बसलेल्या परक्या मनुष्याचा थोडा घोटाळा ठरलेलाच असे. ज्या स्थानकावर त्यानें उतरावयाचें, त्यास रेल्वेचें वेळापत्रक कित्येक दशकें 'बेलापूर' म्हणत आलें. १८७८ सालीं हा लोहमार्ग झाला, तेव्हां प्रवरेकांठचें बेलापूर हेंच या बाजूचें जाणतें गांव होतें. स्थानकाभोंवतीं पुढें केवढें शहर वसणार आहे याची कल्पना कोणासच नव्हती. मग प्रवरेचे कालवे निघाले, १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, त्यामागून ऊंस आला, साखर आली, पेठ आली. नवें गांव नवें नांव घेऊन मोठें झालें. स्थानकानें मात्र जुनें नांव सोडलें नाहीं. नांव देणें सोपें आणि तें चालविणें अवघड, याचें उदाहरण श्रीरामपूरकरांस गाडींतून उतरल्याबरोबर मिळावें, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

या गांवांतले मोठे रस्तेही पाहावे. एक संगमनेर रोड, दुसरा नेवासा रोड. रस्ता जेथें जातो त्या गांवाचें नांव त्यास द्यावें, ही आपली सर्वांत जुनी रीत. वाटेचें काम वाट दाखविण्याचें. तिच्या नांवानेंही तेंच करावें. एखाद्या पुरुषाचें नांव रस्त्यास द्यावें ही कल्पना शहरांबरोबर आणि नगरपालिकांबरोबर आली, आणि रणांत पडलेल्या शिपायाचें नांव द्यावें ही तर फारच अलीकडची. आज गांवोगांव चौक, कमानी, रस्ते व पूल अशा नांवांनीं ओळखले जाऊं लागले आहेत. ही चाल कोठून आली आणि तिच्यांत आपण काय साधतों, याचा थोडा विचार इतिहासाच्या अंगानें करावा असें वाटतें.

रणांत पडलेल्याचें स्मरण ठेवण्याची आपली स्वतःची रीत होती, ती वीरगळाची. नगर जिल्ह्यांतील जुन्या देवळांच्या आवारांत, गांवकुसाबाहेर, कोठें विहिरीच्या कांठीं असे दगड उभे किंवा आडवे पडलेले दिसतात. खालच्या चौकटींत लढाई, मधल्या चौकटींत वीरास स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटींत शिवलिंगाची पूजा, आणि अगदीं माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोंवर ही कीर्ति राहो. परंतु यांतील पुष्कळ दगडांवर अक्षर एकही नाहीं. त्या वेळच्या गांवाला तो कोण हें माहीत होतें, मग लिहावयाचें कोणासाठीं? पिढ्या उलटल्या, माहीत असलेलीं माणसें गेलीं, आणि दगड तेवढा राहिला. आतां त्यास शेंदूर लागतो, क्वचित् त्यावर धुणेंही आपटलें जातें. चंद्रसूर्य आहेत, कीर्ति आहे, पण ती कोणाची हें सांगणारा नाहीं.

मराठेशाहीनें याहून निराळी एक सोय केली होती आणि ती मला अधिक मोलाची वाटते. लढाईंत कामास आलेल्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठीं जमीन किंवा नेमणूक तोडून देत, तिला 'बालपरवेशी' म्हणत. नांव कोठें लावलें नाहीं, पण चूल विझूं दिली नाहीं. आज कमानीचें उद्घाटन थाटानें होतें, आणि त्याच वेळीं त्या शिपायाची विधवा निवृत्तिवेतनाच्या कागदासाठीं कचेरीच्या पायऱ्या चढत असते, असें कोठें दिसलें म्हणजे त्या जुन्या शब्दाची आठवण होते.

जागेस वीराचें स्मरण जोडण्याचीं आपल्याकडील दोन नांवें सर्वतोमुखीं आहेत. १६६० च्या जुलै महिन्यांत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जातांना बाजीप्रभु देशपांडे व बांदलांचे लोक ज्या खिंडींत पडले, ती घोडखिंड पावनखिंड झाली. या नांवाची खुबी अशी कीं, त्यांत बाजीप्रभूंचेंही नांव नाहीं. खिंड पावन झाली एवढेंच तें सांगतें. त्यामुळें बाजींच्या शेजारीं पडलेल्या प्रत्येक बांदलाचा तिच्यावर सारखाच हक्क राहिला. दुसरें नांव सिंहगडाचें. १६७० सालीं तानाजी मालुसरे पडले व 'सिंह' गेला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, ही कथा शाळेंतील प्रत्येक मूल सांगतें. परंतु सिंहगड हें नांव त्यापूर्वींच्या पत्रव्यवहारांतच आढळतें. म्हणजे नांव आधीं आणि वीर मागाहून! तरी लोकांनीं तो क्रम उलटा करून घेतला, आणि तो कागदांनीं कितीही सुधारला तरी सुधारणार नाहीं. पडलेल्या वीराचें नांव भूमीस लागावें ही लोकांचीच इच्छा एवढी बळकट कीं, जेथें तें लागलेलें नव्हतें तेथेंही त्यांनीं तें लावून घेतलें.

इंग्रजी अमलांत प्रकार पालटला. रस्त्यांना नांवें मिळालीं तीं गव्हर्नरांचीं आणि सेनापतींचीं. पहिल्या महायुद्धांतून परत न आलेल्या मराठी शिपायांच्या वांट्याला आली ती गांवच्या चावडींतील किंवा वेशीजवळील संगमरवरी पाटी. या गांवांतून इतके लोक महायुद्धास गेले व त्यांपैकीं इतके मृत्यु पावले, एवढाच तिच्यावरील मजकूर. गेले किती, मेले किती! मेसोपोटेमियांत कुत येथें १९१६ च्या एप्रिलमध्यें जी सेना शरण गेली, तींत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्या मोहिमेंतील ज्या मृतांचीं थडगीं सांपडलीं नाहींत, त्यांचें स्मारक बसऱ्यास उभारलें गेलें. त्याच्या भिंतींवर इंग्रज शिपायाचें नांव कोरलें, हिंदी अंमलदाराचेंही कोरलें. पण साध्या हिंदी शिपायांच्या बाबतींत पलटणीचें नांव आणि पुढें आंकडा यांवरच काम भागविलें. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधि आयोगानें आपल्या या जुन्या भेदभावाची चौकशी करून २०२१ सालीं जाहीर माफी मागितली. शंभर वर्षांनंतरची माफी कोणाच्या उपयोगीं, असें कोणी म्हणेल. पण आंकडा व नांव यांतील अंतर किती मोठें असतें, तें त्या माफीनें कबूल केलें.

दुसऱ्या महायुद्धांत हें अंतर थोडें कमी झालें. माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडींतील इतर सर्व जण १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत एका यंत्रबंदुकीच्या माऱ्यानें मेले किंवा जखमी झाले. ते एकटे पुढें धांवले, बाँबनें ती बंदूक बंद पाडली, एकास गोळीनें लोळविलें, आणि पुन्हां गोळ्या भरावयास अवसर नाहीं असें पाहून उरलेल्या दोघांस बंदुकीच्या दस्त्यानें ठार केलें. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. वय बावीस. माणगांवांत त्यांचा पुतळा आहे, आणि ज्या मुलखांत ते पडले तेथील मोंतोने या गांवानें २०२३ सालीं त्यांच्या नांवाचें एक छायाघटिकेचें स्मारक उभारलें. आमच्या नगर जिल्ह्यांतील निमजचे नामदेव जाधव यांस तोच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर त्यांनीं जखमी सोबत्यांस खोल पाण्यांतून व सुरुंग पेरलेल्या पट्ट्यांतून वाहून आणलें, शत्रूच्या तीन यंत्रबंदुकी बंद पाडल्या, आणि बांधावर उघडे उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या लोकांस बोलाविलें. दैव त्यांना अनुकूल, म्हणून ते जगले व १९८४ सालीं वारले. मी हें नांव श्रीरामपुरांतील तरुणांपुढें काढून पाहिलें आहे. ओळखणारे फार थोडे भेटतात.

रस्ता आणि शिपाई यांचा संबंध खरोखरीच जुळला तो कारवारकडील रामा राघोबा राणे यांच्या चरित्रांत. खडकीच्या बाँबे सॅपर्समधले हे अधिकारी १९४८ च्या एप्रिलमध्यें नौशहरा-राजौरी मार्गावर सुरुंग काढीत, आडवे पाडलेले वृक्ष दूर करीत, जखमी असतां ८ पासून ११ तारखेपर्यंत रणगाड्यांसाठीं वाट करीत राहिले. परमवीरचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांपैकीं ते एक, आणि जिवंतपणीं तें मिळविणारे पहिलेच. रस्त्यास कोणाचें नांव द्यावें असा प्रश्न निघाला, तर ज्यानें मृत्यूच्या तोंडांत बसून रस्ता केला त्याचा अधिकार काय थोडा?

स्वतंत्र भारतांत मोठ्या शहरांनीं हें काम हातीं घेतलें. १६ सप्टेंबर १९६५ रोजीं पुना हॉर्सचे नेतृत्व करतांना पडलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांचें नांव पुण्याच्या लष्कर भागांतील रस्त्यास आहे. त्यांचें शिक्षण पुण्यासच झालें होतें. त्याच पलटणीचे अरुण खेत्रपाल जन्मले पुण्यांत, आणि १६ डिसेंबर १९७१ रोजीं एकविसाव्या वर्षीं पडले. हे दोघे ज्या रणगाडा दलाचे, त्याचें शिक्षणकेंद्र अहमदनगरांत, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरांत आहे. मुंबईंत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन् १९८७ सालीं श्रीलंकेंत पडले. वडाळ्याचा एक रस्ता त्यांच्या नांवाचा आहे. २०२३ च्या २३ जानेवारीस अंदमानांतील एकवीस अनामिक बेटांस परमवीरचक्राच्या एकवीस मानकऱ्यांचीं नांवें देण्यांत आलीं.

परंतु मला सर्वांत बोलकें उदाहरण वाटतें तें विलेपार्ल्याचें. काश्मिरांत १९९५ सालीं पडलेले कॅप्टन विनायक गोरे हे पार्ल्याचे. रेल्वेमार्गावरून पार्ल्याचा पूर्व व पश्चिम भाग जोडणाऱ्या उड्डाणपुलास त्यांचें नांव दिलें. पूल ही वस्तु रस्त्याहून नांवास अधिक अनुकूल असते. रस्त्यास जुनें नांव असतेंच, तें लोकांच्या जिभेवर चिकटलेलें असतें. पूल नवा बांधला म्हणजे त्याचें नांवही त्याच्याबरोबरच जन्मतें. तेथें पुसावयाचें कांहीं नसतें. कॅप्टन गोरे यांच्या मातोश्री अनुराधा गोरे यांनीं पुढें सैनिकांच्या जीवनावर पुस्तकें लिहिलीं, मुलांपुढें व्याख्यानें दिलीं. पुलावरून जाणाऱ्याला 'हे गोरे कोण?' असा प्रश्न पडला, तर उत्तर देणारें कोणीतरी पार्ल्यांत होतें. पाटीनें प्रश्न उत्पन्न करावा आणि माणसानें उत्तर द्यावें, हा खरा योग.

हा योग सर्वत्र जुळत नाहीं. आपल्या जिभेस आद्याक्षरांचा मोठा सोस. पुण्यांत जंगली महाराजांसारख्या साधुपुरुषाचा रस्ता 'जे. एम.' झाला, महात्मा गांधींचा 'एम. जी.' झाला, तेथें एखाद्या तरुण लेफ्टनंटाची काय कथा? शिवाय शहरांतील पाट्या पाहिल्या तर त्यांवर कॅप्टन, मेजर, कर्नल हेच फार. नाईक, हवालदार, शिपाई यांचीं नांवें त्यांच्या त्यांच्या खेड्यांतील कमानीपुरतीं. याचा दोष कोणा एकाच्या माथीं मारतां येणार नाहीं. अधिकाऱ्याचें कुटुंब शहरांत राहतें, अर्ज करूं शकतें, नगरसेवकाच्या दारीं जाऊं शकतें. शिपायाची आई वाडीवर असते. पण बसऱ्याच्या भिंतीवरचा भेद आपण निराळ्या अक्षरांनीं पुन्हां कोरीत नाहीं ना, हें पाहणें आपल्या हातीं आहे.

श्रीरामपुरासारख्या गांवाची स्थिति यांत सोयीची आहे. गांवाचा इतिहास लहान, वस्ती वाढती, रोज नवी वसाहत पडते व तिच्या रस्त्यांस प्लॉटांच्या क्रमांकांपलीकडे नांव नसतें. संगमनेर रोडास हात लावूं नये. त्याचें नांव त्याच्या कामाचें आहे. नव्या रस्त्यांस व कालव्यांवरील नव्या पुलांस तालुक्यांतील शिपायांचीं नांवें द्यावीं, हुद्दा न पाहतां द्यावीं, आणि ठराव करतांना घरच्या माणसांस विचारून पूर्ण नांव लिहून घ्यावें. पाटीवर नांवाखालीं आणखी दोन ओळी असाव्या: गांव व पलटण एकींत, पडल्याचें ठिकाण व वर्ष दुसरींत. पाटी रंगविणाऱ्याची मजुरी थोडी वाढेल. आणि ती खांबावर फार उंच लावूं नये. शाळेंतून पायीं घरीं जाणाऱ्या मुलास मान वर न करतां वाचतां यावी.