टिग मशीनवरच्या एका खटक्याची कुळकथा

लोखंडाचं जोडकाम हाताखालून गेलेला हौशी माणूस कधीतरी अ‍ॅल्युमिनियमकडे वळतो आणि घरात असलेलं तेच मशीन पुढे ओढतो. ठिणगी पडते, पट्टी तापते, पृष्ठभागावर सुरकुत्या येतात; पण दोन कडा एकमेकींत मिसळायचं नाव घेत नाहीत. मग एकाएकी मधला भाग खाली गळतो आणि भोक पडतं. हा धातू लोखंडासारखा तापून लाल होत नाही, त्यामुळे आधी इशाराही मिळत नाही.

यात हाताचा दोष थोडा, धातूचा स्वभावच तसा. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. त्यावर हवेमुळे चढलेला ऑक्साइडचा थर मात्र २०७२ अंशांपर्यंत दाद देत नाही. थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा, पण खरवडला की लगेच पुन्हा धरणारा. आतला धातू पातळ झाला तरी वरचं कातडं शाबूत राहतं. हे कातडं सोलायचं कसं, या प्रश्नाशी झटताना आजचं टिग मशीन घडलं.

पहिलं उत्तर रसायनाचं होतं. गॅसच्या ज्योतीने जोड देताना क्लोराइड आणि फ्लोराइड क्षारांचा फ्लक्स लावायचा. तो थर विरघळवायचा खरा, पण काम झाल्यावर नीट धुतला नाही तर उरलेला फ्लक्स जोडालाच खायला लागायचा. विमान बांधणाऱ्यांनी म्हणूनच रिव्हेटवर भिस्त ठेवली.

हवाच जवळ येऊ द्यायची नाही, ही दुसरी वाट. अमेरिकेत होबार्ट आणि डेव्हर्स यांना १९३० साली हेलियम आणि आर्गनच्या आवरणाखाली आर्क वेल्डिंग करण्याची पेटंटं मिळाली. पण वायू महाग होते आणि नड कुणाची फारशी अडली नव्हती.

ती अडली कॅलिफोर्नियात, नॉर्थ्रॉपच्या विमान कारखान्यात. जॅक नॉर्थ्रॉपला मॅग्नेशियमचं लढाऊ विमान हवं होतं. मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनियमहून हलकं, पण हवेत पेट घेणारं. तिथल्या रसेल मेरेडिथने टॉर्चमध्ये टंगस्टनची कांडी बसवली आणि तिच्याभोवती हेलियम सोडला. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतो, त्यामुळे कांडी जोडात न मिसळता नुसता आर्क धरून ठेवते. फेब्रुवारी १९४२ मध्ये या टॉर्चचं पेटंट मिळालं आणि पद्धतीचं नाव पडलं हेलिआर्क; तीच आजची टिग. मॅग्नेशियमचं ते विमान, एक्सपी-५६, १९४३ साली उडालं. त्याचे दोनच नमुने बनले आणि प्रकल्प गुंडाळला गेला. टॉर्च मात्र जगभर गेली.

वेल्डिंगमध्ये पुढे आर्गनने बाजी मारली. तो स्वस्त पडतो आणि हवेहून सुमारे १.४ पट जड असल्याने जोडावर बसून राहतो. हेलियम वर पळतो. आपल्या वर्कशॉपांत या कामाला सरसकट ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात ते त्यामुळेच.

आता मशीनवरचा तो खटका, एसी की डीसी हे ठरवणारा. टंगस्टन धन बाजूला जोडला की आयन पट्टीवर आदळून ऑक्साइड उडवतात. जोडाच्या दोन्ही कडांना पांढरट, स्वच्छ पट्टा उमटतो. पण बहुतेक उष्णता कांडीकडेच जाते, तिचं टोक वितळून जोडात टंगस्टनचे कण पडतात. सुरुवातीच्या कारागिरांनी हेच भोगलं. उलट जोडणी केली तर कांडी वाचते, कातडं तसंच राहतं. तोडगा निघाला एसी करंटचा: अर्ध्या फेरीत सफाई, अर्ध्या फेरीत उष्णता. दिशा बदलताना आर्क विझू नये म्हणून त्यावर उच्च वारंवारतेचा विद्युतदाब चढवला गेला. पुढे जाडजूड ट्रान्सफॉर्मरच्या जागी इन्व्हर्टर आले. सफाईला किती वेळ द्यायचा आणि करंटने सेकंदाला किती फेऱ्या घ्यायच्या, हे मग बटणं फिरवून ठरवता येऊ लागलं.

हौशी माणसाची खरेदी या इतिहासापाशीच अडते. बाजारातली बरीच स्वस्त टिग मशीनं फक्त डीसी असतात. स्टेनलेस स्टीलला उत्तम, अ‍ॅल्युमिनियमला जवळजवळ निरुपयोगी. मशीनच्या दर्शनी भागावर ‘एसी/डीसी’ छापलेलं आहे ना, हे किमतीच्याही आधी पाहायचं. जाडीच्या दर मिलिमीटरला सुमारे ४० अँपिअर धरले तर ३ मिमीला १२० लागतात, म्हणजे घरच्या कामाला २०० अँपिअरचं मशीन पुरतं. पायाचं पेडल हवंच, कारण पट्टी तापत गेली की चालू जोडातच करंट उतरवावा लागतो. जुनी थोरियमची टंगस्टन कांडी किंचित किरणोत्सारी असते; २ टक्के लँथॅनमची एसी आणि डीसी दोन्हींवर चालते. भरणीला ४०४३ किंवा ५३५६ क्रमांकाच्या मिश्रधातूची सळई. स्टेनलेसचा वायर ब्रश वेगळा ठेवायचा आणि लोखंडाला चुकूनही लावायचा नाही.

याच घराण्यात १९४८ साली बॅटेल संस्थेतून मिग पद्धत आली. तिच्यात तारच आर्क धरते आणि वितळून जोड भरते. जाड अ‍ॅल्युमिनियमवर तिचा वेग टिगला झेपत नाही. पण अ‍ॅल्युमिनियमची तार मऊ. लांब नळीतून ढकलताना रोलरपाशी तिचा गुंता होतो. म्हणून रीळच हातातल्या पिस्तुलावर बसवलेली स्पूल गन वेगळी घ्यावी लागते. ट्रेलर किंवा बोटीच्या जाड पत्र्याला तो खर्च परवडतो. सायकलच्या फ्रेमसाठी आणि पातळ डब्यासाठी एसी टिगच घ्यावं.