सोळा यार्डांचे वर्तुळ : हॉकीचे नियम आणि त्यांचा इतिहास

१/ ५ ऑगस्ट २०२१, टोकियो. ऑलिंपिक कांस्यपदकाच्या सामन्यात भारत जर्मनीविरुद्ध ५-४ असा पुढे होता. अवघे काही सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. श्रीजेशने तो अडवला आणि ४१ वर्षांनी भारताच्या हाती ऑलिंपिक पदक आले. पण पेनल्टी कॉर्नर म्हणजे नेमके काय? तो कशासाठी मिळतो? आजचा धागा हॉकीच्या नियमांवर आणि त्या नियमांत दडलेल्या इतिहासावर.

२/ प्रथम पायाभूत गोष्टी. मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. १५ मिनिटांचे चार भाग खेळले जातात. पूर्वी ३५ मिनिटांचे दोन भाग असत. स्टिकची केवळ सपाट बाजू वापरता येते. चेंडू पायाने अडवणे हा दोष. त्यातून सूट फक्त गोलरक्षकाला, तीही त्याच्या स्वतःच्या वर्तुळात.

३/ गुणांकन अगदी सरळ आहे. गोल मैदानी असो, पेनल्टी कॉर्नरवरचा असो वा पेनल्टी स्ट्रोकवरचा, त्याचे मोल एकच. मात्र अट कडक आहे : गोलासमोरच्या वर्तुळात आक्रमक खेळाडूची स्टिक चेंडूला लागली असेल तरच गोल ग्राह्य. बाहेरून मारलेला चेंडू कोणाच्याही स्टिकला न लागता जाळ्यात गेला, तर तो गोल नव्हे.

४/ हेच ते ‘डी’. नावाला वर्तुळ असले तरी प्रत्यक्षात दोन्ही गोलखांबांपासून काढलेले दोन पाव वर्तुळांचे कंस आणि त्यांना जोडणारी सरळ रेषा. त्रिज्या १४.६३ मीटर. हा आकडा विचित्र वाटतो, कारण तो मुळात मीटरमध्ये ठरलेलाच नाही. तो म्हणजे १६ यार्ड. ३.६६ मीटर रुंदीचा गोल म्हणजे १२ फूट. व्हिक्टोरियन इंग्लंडची मोजमापे या मैदानावर अजून जिवंत आहेत.

५/ आधुनिक हॉकी घडली ती एकोणिसाव्या शतकात लंडनच्या परिसरात. ब्लॅकहीथ क्लबचे खेळाडू रबराच्या ठोकळ्याने धसमुसळा खेळ खेळत. टेडिंग्टनच्या क्रिकेटपटूंनी हिवाळ्यातील विरंगुळा म्हणून क्रिकेटचा चेंडू घेतला आणि सपाट हिरवळीवर तो खेळू लागले. लांबून बेफाम फटके मारण्यास आळा घालणारे वर्तुळही त्यांच्याच खेळातून आले. १८८६ मध्ये ‘हॉकी असोसिएशन’ स्थापन झाली, तेव्हा हाच खेळ प्रमाण ठरला. ब्लॅकहीथ त्या संघटनेबाहेर राहिला.

६/ या एका नियमाने खेळाचा स्वभाव बदलला. गोल करायचा तर चेंडू ताब्यात ठेवून आत शिरणे भाग पडले. शक्तीइतकेच मोल कौशल्याला आले. ब्रिटिश फौजांबरोबर हा खेळ भारतात आला. कोलकात्यात १८९५ मध्ये बायटन कप, तर मुंबईत १८९६ मध्ये आगाखान स्पर्धा सुरू झाली.

७/ त्या काळी ऑफसाइडचा नियमही होता, आणि तो कठोर होता. पुढे सरसावलेल्या आक्रमकाच्या आणि गोलरेषेच्या मध्ये किमान तीन प्रतिस्पर्धी असणे आवश्यक असे. म्हणजे गोलाजवळ आधीच जाऊन उभे राहण्याची सोय नव्हती. आखूड पास, अचूक वेळ आणि चेंडूवरील हुकमत, याच तीन गोष्टींनी बचाव फोडता येई.

८/ हे ध्यानात घेऊन १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिककडे पाहा. भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. त्यातील १४ गोल ध्यानचंद यांचे. त्यांच्या स्टिकमध्ये चुंबक असल्याच्या दंतकथा आपण ऐकतो. पण नियम वाचले की त्या कौशल्याचे खरे मोल कळते.

९/ पुढे नियम सैलावत गेले. १९७२ मध्ये ऑफसाइडसाठी तिघांऐवजी दोन प्रतिस्पर्धी पुरेसे ठरले. १९८७ मध्ये तो नियम गोलाकडील पाव मैदानापुरता उरला आणि १९९८ मध्ये कायमचा रद्द झाला. आता आक्रमक थेट गोलापुढे उभा राहून चेंडूला नुसती दिशा देऊ शकतो.

१०/ आता पेनल्टी कॉर्नर. बचाव करणाऱ्या संघाने वर्तुळात दोष केला, किंवा २३ मीटर रेषेच्या आत हेतुपुरस्सर केला, की तो मिळतो. गोलरक्षकासह केवळ पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात. चेंडू गोलरेषेवरून आत ढकलला जातो. तो वर्तुळाबाहेर जाऊन आल्याशिवाय गोल होत नाही. पहिला फटका ‘हिट’ असेल तर तो ४६० मिलिमीटरहून उंच जाता कामा नये. ड्रॅग फ्लिकला हे बंधन नाही, म्हणूनच ते आजचे मोठे अस्त्र. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने स्पेनला २-१ असे हरवून कांस्य जिंकले. दोन्ही गोल हरमनप्रीतने पेनल्टी कॉर्नरवरच केले.

११/ “कृत्रिम मैदान आले आणि भारतीय हॉकी संपली” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. तारखा तपासू. ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली ती १९७६ मध्ये, मॉन्ट्रियलला. भारत सातवा आला, हे खरे. पण ऑलिंपिकमधील पहिला पराभव १९६० चा, रोममधील अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून. १९६८ आणि १९७२ मध्ये केवळ कांस्य. हे सारे गवतावर. उलट १९८० चे सुवर्ण कृत्रिम मैदानावरचे, जरी पाकिस्तान, पश्चिम जर्मनी यांसारखे संघ तेथे नव्हते.

१२/ म्हणजे कृत्रिम मैदानाचा परिणाम झालाच नाही का? झाला, आणि खोलवर झाला. त्या मैदानावर चेंडू वेगाने व समान गतीने धावतो. लांब पास आणि दमसास यांचे महत्त्व वाढते. ती मैदाने महागडी होती, आणि आपली बहुतेक मुले मातीवरच शिकत राहिली. पुण्याच्या खडकीत जन्मलेले धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळले. पण एका धनराजमागे किती जणांना वेळेवर तसे मैदान मिळाले, हा प्रश्न उरतोच.

१३/ म्हणून ‘आपल्याविरुद्ध कट झाला’ आणि ‘आपणच नालायक ठरलो’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. नियमपुस्तिका सर्वांना एकच मिळते. सरावाची जागा मात्र एकसारखी मिळत नाही. पुढचा सामना पाहताना गुणफलकाबरोबर ते वर्तुळही पाहा. खेळाचा इतिहास विजेत्यांच्या यादीइतकाच तिथेही लिहिलेला आहे.

धागा समाप्त. शंका असतील तर खाली जरूर विचारा.